तांदळाच्या डब्यावरची पाहुणी

ऑक्टोबर आला की दादरच्या हवेला आधी झेंडूचा वास येतो आणि मग घामाचा. फुलबाजारातून यायचं म्हणजे पायाखाली पाकळ्यांचा चिखल, डोक्यावर तापलेलं आभाळ, आणि मधे आपण, पिशवी छातीशी कवटाळून. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही. शेजारी घट बसतात, बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून कामाला निघतात, आणि आमच्याकडे जपमाळेचा महिना सुरू होतो. महिनाभर रोज संध्याकाळी मरियामातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी मुक्कामाला जाते. ज्या घरी ती येणार त्या घरानं आल्तार मांडायचा, म्हणजे तिच्यासाठी एक कोपरा सजवायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून जपमाळ म्हणायची, उकडलेले चणे खायचे, गप्पा मारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या घरी पोचवायचं.

पूर्वी ती वाडीतून चालत यायची, बायकांच्या हातांतून, मेणबत्त्यांच्या उजेडात. आता बैठ्या घरांच्या जागी टॉवर झाला आहे आणि मरियामाता लिफ्टनं येते. गेल्या वर्षी मधल्या मजल्यावर लिफ्ट अडकली तेव्हा आत तिच्याबरोबर असलेल्या बायकांनी अख्खी जपमाळ तिथेच उरकून घेतली. वॉचमननं दार उघडलं तर सगळ्या आमेन म्हणत होत्या.

यंदा आमच्या घरचा आल्तार माझी नातसून तन्वी मांडणार आहे. पोरगी शिवाजी पार्कची, माहेरी दीड दिवसाचा गणपती, त्यामुळे सजावटीचं तिला बाळकडूच आहे. तिनं फोनवर देशोदेशीचे आल्तार बघून ठेवलेत. अडचण एवढीच की हॉलच्या ज्या भिंतीला आल्तार शोभेल तिथे माझ्या नातवाचा, रोहनचा टीव्ही आहे आणि तो टीव्ही हलवायला तयार नाही. वरून चादर टाकू म्हणतो. म्हणजे मरियामातेच्या मागे चादर आणि चादरीमागे क्रिकेट. या वाटाघाटी चालू असताना तन्वीनं सहज मला विचारलं, की आजी, तुम्ही पहिल्यांदा आल्तार मांडलात तेव्हा कसा मांडला होता? मला इतकं हसू आलं की कवळी सांभाळावी लागली.

ती जी मी होते, तिला तुम्ही बघायला हवं होतं. नगरच्या मिशन कंपाउंडमधली पोर. दोन घट्ट वेण्या, पांढऱ्या रिबिनी, मान अशी ताठ की मुरगळली आहे की काय असं वाटावं. आमचं देऊळ चुन्यानं रंगवलेलं, भिंतीवर फक्त घड्याळ आणि समोर रिकामा क्रूस. मूर्ती नाही, तसबीर नाही, उदबत्ती तर नाहीच. बाबा शाळामास्तर. रविवारी उपदेशही तेच करायचे, तोही खडू हातात असल्यासारखा. आम्ही प्रॉटेस्टंट. खरा धर्म नगरला सुरू होतो आणि फार तर श्रीरामपूरपर्यंत पोचतो, अशी माझी समजूत होती. मुंबईपर्यंत तो पोचला असेल याची मला शंकाच होती, आणि ती उणीव भरून काढायला देवानं मलाच नेमलं आहे असाही एक गोड गैरसमज होता.

आणि लग्न केलं कुणाशी, तर दादरच्या कॅथलिक सायमनशी. तो आमच्याकडे कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. रविवारी देवळात मागच्या बाकावर बसून माझी गीतं ऐकायचा. मला वाटलं, याला आपला पंथ पटतो आहे. त्याला पंथ वगैरे काही पटत नव्हता. ते पुढे कळलं, पण तोवर मीही मागच्या बाकाकडे बघून गायला लागले होते.

निघताना बाबांनी एकच गोष्ट मागितली. मोटारस्टँडवर, सगळ्यांसमोर. म्हणाले, "त्यांच्याकडचं खा, पी, त्यांच्या देवळात जा. पण मूर्तीपुढे गुडघे टेकू नकोस." मी शब्द दिला. माझी सासू शेजारीच उभी होती, माझ्या फराळाच्या डब्याची पिशवी हातात घेऊन. तिनं ऐकलं, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सासूला सगळी वाडी माय म्हणायची. जाडजूड, गोरीपान, काष्ट्याची साडी, कानात सोन्याचे मोठे काप, आणि चेहरा असा की आत काय शिजतं आहे ते वासावरूनही कळू नये. तिनं मला कधी गुडघ्यांबद्दल विचारलं नाही. वाडीनं मात्र विचारलं. घरात भिंतीवर मायचा छोटा आल्तार होता, तिन्हीसांजेला त्यापुढे सगळे बसत आणि मी नेमकी त्याच वेळी पाणी भरायला जायची. नळाला पाणी नसलं तरी जायची. रिकामी कळशी घेऊन नळापाशी उभी असलेली सून किती दिवस लपणार? शेजारच्या फिलोमिनाबाय, म्हणजे वाडीच्या जपमाळेच्या सर्वेसर्वा, मायला म्हणाल्याच, की तुझी नगरवाली देवाला वाकत नाही म्हणतात, ऑक्टोबरात बघू. मायची त्या वाडीत अख्खी हयात गेली होती. नवरा गेल्यावर याच बायकांनी तिला उभं केलं होतं. त्यांच्यासमोर सून खांबासारखी उभी राहिली, तर बोल मायला लागणार होता. आणि मी वाकले, तर बाबांना दिलेला शब्द जाणार होता. त्या अख्ख्या पावसाळ्यात माझ्या दोन गुडघ्यांइतकं महत्त्वाचं दुसरं काही दादरमध्ये नव्हतं, असं निदान मला वाटायचं.

मग ऑक्टोबर आला. तेव्हाही असाच उकाडा होता. वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर वाळत घातलेले कपडे मिनिटात कडक व्हायचे, बोंबलांचा वास घरात यायचा तो जायचाच नाही. मायनं मेणबत्त्यांचा पुडा आणून फळीवर ठेवला होता. उन्हाची तिरीप पडून त्या दुपारपर्यंत सगळ्या कमरेत वाकल्या. सायमन हसून म्हणाला, बघ, मेणबत्त्यासुद्धा वाकल्या. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

आमच्या घरची पाळी आली आणि नेमकी त्याच आठवड्यात माय मोरीत घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये. घरातली मोठी बाई आल्तार मांडते हा शिरस्ता, पण मोठीचा हात गळ्यात अडकवलेला. मायनं मला बोलावलं आणि म्हणाली, "तू मांड गो बाय." कसा मांडायचा ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला मला कमीपणा वाटला. उपदेशकाची मुलगी मी, प्रार्थनेची जागा कशी असते हे मला कोण शिकवणार?

मी सकाळपासून लागले. हॉल कसला, दहा माणसं बसली की अकरावं दारात. भिंतीला टेबल लावलं, त्यावर माहेरचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, कडक इस्त्रीचा. मधोमध बाबांनी दिलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं. दोन्ही बाजूंना पितळेचे लोटे, त्यांत पांढरी शेवंती. मागे लोट्यांच्या आधारानं उभा केलेला, पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवून केलेला रिकामा क्रूस. समोर शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या, शाळेतल्यासारख्या ओळीत. पुस्तकापासून लोट्यापर्यंतचं अंतर मी वितीनं मोजलं. असं देखणं काम झालं होतं की मीच चारदा दारात जाऊन बघून आले. आमच्या नगरच्या देवळाचा तुकडा कापून दादरला आणून ठेवल्यासारखा.

दुपारी माय आली. टेबलाकडे बघितलं. खुर्च्यांकडे बघितलं. मग पुन्हा टेबलाकडे. म्हणाली, "स्वच्छ आहे." आणि आत जाऊन झोपली. मला ती पसंतीची पावती वाटली.

तन्वीला मी इथवर सांगितलं तर ती म्हणाली, "पण आजी, मरियामाता कुठे ठेवली होती?" बघा, जिच्या घरी सात पिढ्यांत कुणी मरियामातेची जपमाळ हातात धरली नाही त्या पोरीला पहिल्या झटक्यात जे सुचलं, ते मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुचलं नव्हतं. मी मरियामातेसाठी आल्तार मांडला होता आणि त्यात मरियामातेलाच जागा नव्हती. मुद्दाम केलं असेल असं वाटेल, पण नाही. आमच्याकडे प्रार्थनेची जागा म्हणजे पुस्तक. पुस्तक मध्ये ठेवलं की मांडणी पूर्ण. मूर्ती येणार हे मला माहीत होतं, पण ती येते म्हणजे तिला आणणारी बाई छत्री धरावी तशी हातात धरून बसेल आणि जाताना घेऊन जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तिन्हीसांजेला वाडीतून गाणं जवळ येऊ लागलं. फिलोमिनाबाय पुढे, हातात निळ्या शालीतली मरियामाता, मागे बायका, पोरं, मेणबत्त्यांभोवती कागदाचे द्रोण. उंबऱ्यात आल्या आणि थांबल्या. गाणंही थांबलं. फिलोमिनाबायनी टेबल वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठेच जागा नव्हती. शास्त्र हलवायचं तर कुणाचा हात धजेना, लोटा हलवायचा तर क्रूस पडेल. मूर्ती जड होती. फिलोमिनाबायनी ती कमरेशी टेकवून धरली होती, आणि मागून पोरं विचारत होती की का थांबलो. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. आता आठवलं की वाटतं, त्या पोरीच्या त्या ताठ मानेवर कुणीतरी मऊ टपली मारायला हवी होती.

माय आतून आली. अगदी निवांत. म्हणाली, "इथे काय उभ्या राहिलात सगळ्या? पाहुणी बाई घरात आली की आधी चुलीपाशीच बसते. आणा तिला आत."

आमचं स्वयंपाकघर म्हणजे हॉलला लागूनच, मधे दार नाही. कोपऱ्यात तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा. मायनं डाव्या हातानं त्यावर स्वतःची ठेवणीतली रेशमी ओढणी अंथरली आणि फिलोमिनाबायनी मरियामातेला डब्यावर बसवलं. एका अंगाला मसाल्याच्या बरण्या, दुसऱ्या अंगाला भिंतीवर खुंटीला टांगलेली किसणी, आणि पुढ्यात जमिनीवर वातींचा स्टो. खुर्च्या कुणी घेतल्याच नाहीत. बायका स्वयंपाकघराकडे तोंड करून जमिनीवर बसल्या, पोरं दारात, बाप्ये ओटीवर. माझं शुभ्र टेबल सगळ्यांच्या पाठीमागे एकटं राहिलं.

जपमाळ सुरू झाली. सगळ्यांनी गुडघे टेकले. मी उभी. बरण्यांच्या फळीला टेकून, हात घट्ट बांधून, जशी काही पहाऱ्यावर. फिलोमिनाबाय एक डोळा मिटून 'नमो मरिया' म्हणत होत्या आणि दुसरा डोळा माझ्यावर. आणखी दोन-तीन बायकाही बघायला लागल्या. माय डोळे मिटून डाव्या हातानं मणी सरकवत होती.

आणि मला दूध दिसलं.

स्टोवर पातेलं होतं. त्यात जपमाळेनंतरच्या चहाचं दूध होतं आणि ते वर येत होतं. साय फुगली, काठाला आली. दूध उतू जाताना नुसती बघत उभी राहील अशी बाई कुठल्याच पंथात जन्माला आलेली नाही. मी झेप घेतली. दोन्ही गुडघे धाडकन जमिनीवर, मान खाली, स्टोची वात बारीक करते आहे आणि पातेल्यावर फुंकर घालते आहे. अगदी मरियामातेच्या पायांशी.

मागे सगळ्या बायका जास्तच मोठ्यानं जपमाळ म्हणायला लागल्या. कुणीतरी नाक ओढलं. मला उठायचं होतं, पण मागच्या बायका सरकत सरकत इतक्या पुढे आल्या होत्या की उठायला जागाच उरली नव्हती. संपूर्ण जपमाळ मी तशीच, समोर दूध, वर मरियामाता. मी तिच्याकडे बघत नव्हते, दुधाकडे बघत होते, हे माझं म्हणणं मी देवाला तेव्हाच कळवून ठेवलं. पण तिचे पाय माझ्या नाकासमोरच होते. टाचेजवळचा रंग उडालेला, अंगठ्याचा टवका गेलेला. रोज नव्या घरी, नव्या फळीवर, कुणी कसंही उचलतं. मला उगाच माझी ट्रंक आठवली, स्टँडवरून वाडीपर्यंत चार जणांनी आपटत आणलेली. बिचारी, असं माझ्या मनात आलं. प्रॉटेस्टंट मनात एवढंच आलं, पण आलं.

संपल्यावर फिलोमिनाबायनी मला छातीशी धरलं. डोळे ओले. वाडीभर त्यांनी सांगितलं की नगरवाली नुसती वाकली नाही, झेपावली. चणे संपले, चहा झाला, सगळे गेले. मी भांडी घासायला बसले आणि तेव्हा लक्षात आलं की दूध मी ठेवलंच नव्हतं. मायला विचारलं.

"मग काय विहिरीवरच्या मांजरीनं ठेवलं?" ती म्हणाली.

"माय, पण मी मूर्तीपुढे वाकले नाही. मी स्टो बारीक केला."

"मला काय सांगते? मला माहीत आहे." तिनं प्लास्टरच्या टोकानं हनुवटी खाजवली. "त्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं. तुझ्या बापानं मागितलं ते त्याचं त्याला राहिलं. आणि दूध वाचलं."

तेव्हा मला कळलं की दुपारी ती झोपायला गेलीच नव्हती. माझं टेबल बघून तिनं सगळा बेत तिथल्या तिथे शिजवला होता. आणि मी समजत होते की या बाईला पंथातलं काही कळत नाही.

तरी पुढचे काही दिवस मी फार गंभीर होते. गुडघे टेकले ते धरायचे की नाही, यावर मी स्वतःशी असा वाद घातला की जणू सगळ्या ख्रिस्ती जगाचं त्यावर अडलं होतं. सायमन म्हणाला, देवाला विचार. मी म्हटलं, विचारलं, तो हसतो आहे बहुतेक.

नाताळला बाबा आले. ओटीवर बसून मुंबईच्या पाण्याला नावं ठेवून झाली, मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलंच, "वाकलीस का?" मी तोंड उघडायच्या आत माय आतून म्हणाली, "वाकते तर. दिवसातून दहादा वाकते. आमचा स्टो जमिनीवर आहे ना."

बाबा उठून आत गेले. स्टो बघितला, तांदळाचा डबा बघितला, भिंतीवरचा छोटा आल्तारही बघितला. मग सायमनला म्हणाले, "अहो, एक ओटा बांधून घ्या. पोरीचे गुडघे जातील."

सायमननं ओटा बांधला. कडप्प्याचा, त्याच्या यंत्रांसारखा सरळ रेषेत. स्टो वर गेला. माझी पाठ सुखावली आणि माझ्या डोक्यात मात्र लगेच भीती शिरली, की आता पुढच्या ऑक्टोबरात काय? स्टो वर, दूध वर. वाकायला निमित्त कुठून आणायचं?

तन्वी हे ऐकता ऐकता टीव्हीच्या भिंतीची मापं घेत होती. ती थांबली. म्हणाली, "मग दुसऱ्या वर्षी वाकलात का तुम्ही?" हल्लीच्या मुलींचा प्रश्न थेट असतो. मी सांगितलं, की बाबा गेल्यावर खूप वर्षांनी एकदा घरी कुणी नसताना मी टेकून बघितले गुडघे. बरं वाटलं. पण आता टेकावेसे वाटतात तर गुडघेच प्रॉटेस्टंट झालेत, वाकायला साफ नकार देतात. मरियामातेची आणि माझी वेळ काही जुळली नाही.

दुसऱ्या वर्षीचं मात्र मला काल घडल्यासारखं आठवतं. तोच उकाडा, तशाच कमरेत वाकलेल्या मेणबत्त्या. या वेळी मांडणी मी आणि मायनं मिळून केली. टेबल मांडलंच नाही. मरियामाता सरळ तांदळाच्या डब्यावर, तिच्या पायाशी माझं उघडं शास्त्र, बाजूला पिवळा झेंडू, कारण पांढरी शेवंती मायला मयताची वाटायची. वाडी आली, गाणं म्हणत आत शिरली, आपणहून स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली. फिलोमिनाबायनी सुरुवात केली आणि सगळ्यांचे गुडघे जमिनीला लागले.

मी उभी राहिले. ओट्याला टेकून. या वेळी हात बांधले नव्हते, जोडले होते, पण उभी होते. फिलोमिनाबायचा तो डोळा उघडला.

तेवढ्यात माय, जी पहिल्या ओळीत गुडघ्यांवर होती, ती उठली. बायकांच्या मधून वाट काढत आली आणि माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली, दंडाला दंड लावून. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चालू दे गो फिलोमिना. यंदा गुडघे धरलेत माझे, मी उभ्यानंच म्हणते."

शेवटच्या आमेनपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. त्या दिवशी सकाळीच तिनं उकिडवं बसून अख्ख्या घराची फरशी पुसली होती.